अक्षरांचा मुक्काम

खिळ्यांच्या छापखान्यात एक गोष्ट कुणी कुणाला सांगत नसे, कारण ती सगळ्यांना ठाऊक असे. मजकूर लेखकाचा, कागद बहुधा प्रकाशकाचा, पण अक्षरं छापखान्याची. कंपोझिटर केसमधून खिळे उचलून ओळी जुळवायचा. फर्मा छापून झाला की तेच खिळे सुटे होऊन आपापल्या खणात परत जायचे आणि उद्या दुसऱ्याच कुणाच्या तरी पुस्तकात उभे राहायचे. ज्या छापखान्याकडे ठळक टाइप नाही तिथे ठळक मथळा मिळत नसे, आणि लेखकाने रुसून काही उपयोग नसे.

संगणकाला जोडलेले प्रिंटर आले आणि ही व्यवस्था मोडली, असं आपण सहज म्हणून जातो. ते खरं नाही. खण दिसेनासे झाले, एवढंच. अक्षरं छापणाऱ्या यंत्राने सांभाळायची हा जुना करार पुढे सतरा-अठरा वर्षं टिकला, आणि तो मोडताना जी ओढाताण झाली तिचे वळ मराठी छपाईच्या अंगावर अजून आहेत.

१९७६ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, वूलवर्थ या दुकानांच्या कंपनीच्या संगणक केंद्रात, आयबीएमचा ३८०० हा लेझर प्रिंटर बसला. खोलीभर पसारा, घड्या पडलेला सलग कागद, मिनिटाला शंभराहून जास्त पानं. त्याआधीच्या मोठ्या लाइन प्रिंटरमध्ये अक्षरं धातूच्या साखळीवर कोरलेली असत. वेगळं वळण हवं असेल तर साखळीच बदलायची. ३८०० मध्ये अक्षरं मेमरीत गेली. या मेमरीचे कप्पे होते आणि एका कप्प्यात ६४ चिन्हं मावत. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरं, आकडे आणि विरामचिन्हं धरली तर आकडा ऐंशी-नव्वदच्या घरात जातो, म्हणजे एका साध्या टाइपाला दोन कप्पे लागले. छापायचं काम बदललं की संगणकाने नवी चिन्हं पाठवायची आणि ती त्याच कप्प्यांत जुन्यांच्या जागी बसवायची.

गंमत अशी की अक्षरं इलेक्ट्रॉनिक झाली तरी बिलाच्या चौकटी, रकाने, कंपनीचं नाव हे सगळं फिल्मवरच राहिलं. त्याची निगेटिव्ह ऑपरेटरने हाताने यंत्रात सरकवायची. मग प्रत्येक पानाला दिवा लखकन चमके आणि ती चौकट ड्रमवर उमटे.

पुढच्याच वर्षी झेरॉक्सचा ९७०० आला. त्यामागचा माणूस गॅरी स्टार्कवेदर. लेझरने छापण्याची कल्पना त्याने वरिष्ठांच्या नाराजीला न जुमानता पुढे रेटली होती. हे यंत्र सुट्या कागदावर मिनिटाला १२० पानं, इंचाला ३०० ठिपके अशा बारकाईने छापत असे. त्याच्या पोटात स्वतःचा मिनीकॉम्प्युटर आणि स्वतःची डिस्क होती. त्या डिस्कवर फॉन्ट राहत, बिलांचे आणि विमापत्रांचे फॉर्म राहत, बोधचिन्हं राहत. संगणकाने फक्त मजकूर पाठवायचा आणि कुठला फॉर्म, कुठला फॉन्ट त्याची नावं सांगायची. बाकी सगळं यंत्र आपल्या कोठारातून काढून घेई.

याच काळात एक युक्ती रुळली. अधिकाऱ्यांच्या सह्या फॉन्ट म्हणून साठवायच्या. सहीचं चित्र चार-पाच तुकड्यांत कापायचं, प्रत्येक तुकडा एकेका अक्षराच्या जागी बसवायचा, आणि ती अक्षरं ओळीने छापली की खाली सही तयार. हजारो पत्रांवर सह्या करण्याचा त्रास वाचला. पण ज्याला त्या अक्षरांचा क्रम ठाऊक, त्याला साहेबांची सही करता येई. कार्यालयांनी मग या फॉन्टांना कुलपं घालायला सुरुवात केली. खिळ्यांच्या केसला अशी भीती कधी नव्हती.

ही सगळी मोठ्या कंपन्यांची यंत्रं होती. टेबलावरची गोष्ट सुरू होते मे १९८४ मध्ये, ह्युलेट-पॅकार्डच्या लेझरजेटपासून. किंमत ३,४९५ डॉलर, आतलं इंजिन कॅननचं, वेग मिनिटाला ८ पानं, मेमरी फक्त १२८ केबी. त्यात कायम मुक्कामाला असे ते मुख्यतः टाइपरायटरच्या वळणाचं कुरिअर. याहून वेगळं काही हवं असेल तर कार्ट्रिज विकत आणायची आणि यंत्राच्या खाचेत खुपसायची. कार्ट्रिजमध्ये टाइम्स किंवा हेल्व्हेटिकासारखी अक्षरं असत, पण दोन्ही नावं दुसऱ्यांच्या मालकीची म्हणून त्यांवर ‘टीएमएस आरएमएन’ आणि ‘हेल्व’ अशी अर्धवट नावं छापलेली. नाव तोडून वापरलं की मालकी हक्काची भानगड टळते, हा कंपनीचा हिशेब मला अजून मजेशीर वाटतो. यंत्राला खाच एकच होती. एका पानावर दोन कार्ट्रिजांतली अक्षरं हवी असतील, तर ते पान मनातच ठेवायचं.

या अक्षरांचा खरा जाच आकाराचा होता. ती ठिपक्यांनी रंगवलेली चित्रं होती. १० पॉइंटचं चित्र वेगळं, १२ पॉइंटचं वेगळं. इंचाला ३०० ठिपके धरले तर १० पॉइंटच्या दोनेकशे अक्षरांना २५-३० केबी जागा लागते. आकार तिप्पट केला की जागा नऊपट होते, म्हणजे ३० पॉइंटच्या एका मथळ्याच्या फॉन्टने अडीचशे केबी खाल्ले. आज हे आकडे हास्यास्पद वाटतील. त्या यंत्राची एकूण ऐपत १२८ केबी होती हे लक्षात घ्या.

१९८५ मध्ये लेझरजेट प्लस आला, मेमरी ५१२ केबी झाली, आणि फ्लॉपीवर विकत आणलेले फॉन्ट संगणकातून प्रिंटरमध्ये ओतायची सोय झाली. त्यांना सॉफ्ट फॉन्ट म्हणत. मेमरीत एका वेळी जास्तीत जास्त ३२ फॉन्ट राहत आणि त्यांतले १६ एका पानावर वापरता येत. प्रत्येक फॉन्टला पाठवतानाच एक क्रमांक द्यायचा. शिवाय तो कायमचा की तात्पुरता हेही सांगायचं. काम संपल्यावर एक छोटी रीसेट आज्ञा जाई, ‘एस्केप ई’. ती मिळाली की तात्पुरत्या फॉन्टांची हकालपट्टी होई आणि कायमचे जागेवर राहत. अर्थात या ‘कायम’ची मुदत प्रिंटरचं बटण बंद होईपर्यंतच. वीज गेली की सगळेच बेघर.

म्हणून त्या काळच्या कचेऱ्यांत सकाळचा एक विधी असे. प्रिंटर चालू करायचा, संगणक चालू करायचा, आणि संगणक सुरू होताहोताच ठरलेले फॉन्ट आपोआप प्रिंटरकडे रवाना होतील अशी बॅच फाइल लिहून ठेवायची. ९६०० बॉडच्या सिरियल केबलवरून सेकंदाला जेमतेम हजारेक अक्षरांइतकी माहिती जाई. मजकुराचा एक फॉन्ट पोचायला अर्धा मिनिट, मथळ्याचा पोचायला चार मिनिटांहून जास्त. चहा होईपर्यंत प्रिंटर कामाला लागे.

फॉन्टांबरोबर आणखी एक वस्तू प्रिंटरमध्ये राहू लागली: मॅक्रो. पत्राचं शीर्षक, कोऱ्या फॉर्मच्या रेघा, नेहमीची चौकट हे एकदा पाठवून ठेवायचं आणि पुढे फक्त क्रमांकाने बोलवायचं, किंवा प्रत्येक पानावर ते आपोआप उमटेल अशी आज्ञा देऊन ठेवायची. ३८०० मध्ये हाताने सरकवायची ती निगेटिव्ह आता काही ओळींच्या आज्ञांत सामावली. सगळं मेमरीत मावेल तितकंच. मावलं नाही की लेझरजेटच्या छोट्या पडद्यावर २० हा आकडा झळके; मेमरी भरली. २१ झळकला तर पान इतकं गुंतागुंतीचं की कागद फिरत असताना यंत्राला ते वेळेत रंगवून पुरं करता आलं नाही. या दोन आकड्यांनी किती संध्याकाळी खाल्ल्या असतील!

कॅलिफोर्नियात याच सुमारास वेगळा विचार चालला होता. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून बाहेर पडलेल्या जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी डिसेंबर १९८२ मध्ये ॲडोबी ही कंपनी काढली आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा तयार केली. तिच्यात अक्षर ठिपक्यांत साठवत नाहीत. त्याची बाह्यरेषा साठवतात, आणि हव्या त्या आकाराचे ठिपके प्रिंटर जागच्या जागी काढतो. जानेवारी १९८५ मध्ये ॲपलने जाहीर केलेला लेझररायटर हा या भाषेचा पहिला गाजलेला प्रिंटर. किंमत ६,९९५ डॉलर. त्यातला प्रोसेसर ज्या मॅकिंटॉशला तो जोडायचा त्याच्याहून वेगवान होता, आणि मेमरी दीड एमबी. आतल्या रॉममध्ये टाइम्स, हेल्व्हेटिका, कुरिअर यांचे प्रत्येकी चार अवतार आणि चिन्हांचा सिम्बॉल, असे १३ फॉन्ट घर करून होते. पुढच्या वर्षी आलेल्या लेझररायटर प्लसमध्ये ते ३५ झाले.

या १३ आकड्याचा लळा जगाला फार दिवस राहिला, त्याकडे पुढे येतोच.

पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचं मेमरीचं नियोजन मला त्या काळातलं सगळ्यात देखणं काम वाटतं. प्रत्येक काम सुरू होताना प्रिंटर मेमरीची अवस्था लक्षात ठेवतो आणि काम संपलं की पूर्ववत होतो. मध्ये तुम्ही कितीही फॉन्ट ओता, शेवटी पाटी कोरी. पुढच्या माणसाला आधीच्याचा पसारा आवरावा लागत नाही. पण रोज लागणारा फॉन्ट प्रत्येक कामाबरोबर नव्याने पाठवणं परवडेना. त्यासाठी एक मागचं दार ठेवलं होतं, ‘एक्झिटसर्व्हर’ नावाची आज्ञा. ती परवलीचा आकडा मागे. कारखान्यातून येताना तो शून्य असे, आणि बहुतेक ठिकाणी शून्यच राही. ती आज्ञा देऊन पाठवलेला फॉन्ट प्रिंटर बंद होईपर्यंत सगळ्यांसाठी हजर. एका पानाचं चित्र धरून ठेवायलाच एक एमबीच्या आसपास खर्ची पडत असल्याने असे पाहुणे मोजकेच ठेवता येत.

लेझररायटर इतका महाग होता की तो एकाने विकत घ्यायचा आणि साऱ्या कचेरीने वापरायचा, हाच त्याचा हिशेब. तिथेच भांडण पेटलं. मॅकिंटॉश पहिल्यांदा छापताना लेझर प्रेप नावाची आज्ञांची एक तयारीची फाइल प्रिंटरमध्ये सोडून येई, म्हणजे पुढच्यांचं काम पटकन व्हावं. एकाच्या मॅकवर तिची जुनी आवृत्ती, दुसऱ्याच्या मॅकवर नवी. दुसऱ्याने छापायला घेतलं की पडद्यावर सूचना येई: प्रिंटर वेगळ्या आवृत्तीने तयार केलेला आहे, पुन्हा सुरू करू का? तो हो म्हणे. प्रिंटर पुन्हा सुरू होई आणि सकाळी कुणीतरी मेहनतीने ओतलेले सगळे फॉन्ट पुसले जात. मग पहिला छापायला येई, त्यालाही तोच प्रश्न. इलाज एकच: कचेरीतल्या प्रत्येक मॅकवर एकच आवृत्ती घालणं.

दुसरा घोळ अधिक लबाड होता. काढलेल्या ठिपक्यांची चित्रं प्रिंटर जपून ठेवी, म्हणजे तेच अक्षर पुन्हा काढायला नको. एका कामातली चित्रं पुढच्या कामालाही वापरता यावीत म्हणून फॉन्टमध्ये एक ओळखक्रमांक लिहिलेला असे. दोन वेगळ्या फॉन्टांना एकच क्रमांक पडला तर प्रिंटर एका फॉन्टच्या ओळीत दुसऱ्याचं अक्षर बसवून मोकळा होई. चूक शोधू जावं तर फाइलीत काहीच सापडत नसे. प्रिंटर बंद करून चालू केला की ती नाहीशी. असे क्रमांक एकमेकांवर पडू नयेत म्हणून ते वाटून देण्याचं काम ॲडोबी करत असे.

मेमरीची तंगी डिस्कने सोडवली. १९८८ च्या लेझररायटर टू एनटीएक्सला मागे हार्ड डिस्क जोडता येई. कामात फॉन्टचं नाव आलं की प्रिंटर आधी मेमरीत बघे, मग डिस्कवर शोधे, सापडला तर तेवढ्यापुरता वर आणे आणि काम संपल्यावर सोडून देई. फिल्म काढणाऱ्या लायनोट्रॉनिकसारख्या मोठ्या यंत्रांतही हीच पद्धत. १९९० च्या सुमारास पोस्टस्क्रिप्टची दुसरी पातळी आली तेव्हा फॉन्टांबरोबर फॉर्म, नक्षी, रंगांच्या व्याख्या या सगळ्यांना नावाने साठवायची आणि नावाने मागायची एकच रीत ठरवून दिली गेली. आणि कुठेच सापडला नाही तर? तर प्रिंटर कुरिअर वापरे. तक्रार न करता.

या कुरिअरने फिल्म काढून देणाऱ्या ब्यूरोवाल्यांचा किती पैसा बुडवला ते त्यांनाच विचारावं. महागड्या फिल्मवर पान काढायचं, डेव्हलप करायचं, आणि दिव्यासमोर धरल्यावर दिसायचं की डिझायनरच्या नाजूक मथळ्याच्या जागी टाइपरायटर बसलाय.

अक्षरं कुणाची, हा प्रश्न मग उघड बाजारात आला. ॲडोबीचे उत्तम फॉन्ट टाइप १ नावाच्या सांकेतिक रूपात बंद होते आणि ते वाचू शकणाऱ्या प्रत्येक प्रिंटरमागे तिला पैसे मिळत. सप्टेंबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सेबोल्ड परिषदेत ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट ॲडोबीविरुद्ध एकत्र आले; त्यातूनच ट्रूटाइप हा फॉन्टांचा नवा प्रकार बाजारात आला. मार्च १९९० मध्ये ॲडोबीने टाइप १ चं गुपित छापून मोकळं केलं. एप्रिल १९९२ मध्ये विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप घरोघर पोचला. अक्षरांचा मुक्काम प्रिंटरमधून हलून संगणकात आला, आणि संगणक कामाला लागतील तेवढीच अक्षरं प्रिंटरकडे पाठवू लागला. त्याच वर्षीच्या लेझरजेट ४ मध्ये हव्या त्या आकाराचे ४५ फॉन्ट होते, पण तोवर कार्ट्रिजांचे दिवस भरले होते.

मराठीला ही गोष्ट अर्ध्यावर भेटली, आणि वाईट बाजूने भेटली. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत डीटीपीची दुकानं निघाली, खिळ्यांचे छापखाने एकेक करून मिटले. पण या प्रिंटरांच्या रॉममध्ये देवनागरी घर करून नव्हती. ती कायम पाहुणीच. त्यातून फॉन्टाची रचना २५६ घरांची, रोमन लिपीसाठी आखलेली. आपल्या जोडाक्षरांना, रफाराला, वेलांट्यांना त्या घरांत दाटीवाटीने कोंबलेलं, आणि प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने कोंबलेलं. अनेक पॅकेजांना संगणकामागे लावायचं हार्डवेअर लॉक, म्हणजे फॉन्ट सोबत देण्याचीही पंचाईत. फिल्म काढणाऱ्याकडे तो फॉन्ट नसला तर कुरिअरमध्ये जे उमटे त्यात देवनागरीचा मागमूस नसे; रोमन अक्षरं, चलनाची चिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली युरोपीय अक्षरं यांची खिचडी. त्याच नावाचा पण जुन्या आवृत्तीचा फॉन्ट तिकडे आधीच असला तर आणखी धोका. प्रिंटर नाव बघतो, आतलं रूप नाही. सगळं पान बरोबर दिसे आणि एखादंच जोडाक्षर बदललेलं निघे.

आपल्या ऑपरेटरांनी यावर साधा तोडगा काढला: कर्व्ह करणं. कोरलड्रॉमध्ये मजकूर निवडायचा आणि त्याचं निव्वळ रेषांच्या चित्रात रूपांतर करायचं. फॉन्ट लागतच नाही. ‘कर्व्ह करून पाठवा’ हे वाक्य लग्नपत्रिका छापणाऱ्यापासून फ्लेक्सवाल्यापर्यंत आजही ऐकू येतं. युक्ती बिनचूक आहे, पण तिची किंमत जबर आहे. कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर ऱ्हस्व-दीर्घसुद्धा सुधारता येत नाही.

खरा इलाज जून १९९३ मध्ये आला होता. ॲडोबीच्या ॲक्रोबॅटबरोबर पीडीएफ आलं आणि दस्तऐवज आपली अक्षरं आपल्याबरोबर घेऊन हिंडू लागला. तेही वापरली तेवढीच; अशा कापून घेतलेल्या फॉन्टच्या नावाआधी सहा अक्षरांचा शिक्का आणि बेरजेची खूण असते, म्हणजे मूळ पूर्ण फॉन्टशी गल्लत नको. जुना करार मात्र इथेही उरला. १४ फॉन्ट सोबत नसले तरी चालतील, ते वाचणाऱ्या यंत्राकडे असणारच, असं पीडीएफने धरून चाललं. ते १४ म्हणजे पहिल्या लेझररायटरचे १३ आणि झाफ डिंगबॅट्स. २००५ मध्ये जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफ-ए या प्रकाराने ही सवलत काढून घेतली, आणि २०१७ च्या पीडीएफ २.० नेही. जानेवारी २०२३ मध्ये ॲडोबीने आपल्या सॉफ्टवेअरांत टाइप १ फॉन्टांना थारा देणं बंद केलं.

आता वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, संस्थेत किंवा ओळखीच्या प्रकाशकाकडे नव्वदच्या दशकातल्या दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, पुस्तकांच्या, पेजमेकर या पानं जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाइली सीडीवर पडून असतील. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्या फाइलींत मजकूर आहे, अक्षरं नाहीत. ती ज्या फॉन्टांत आहेत ते फॉन्ट, ते लॉक आणि ते चालवणारा जुना संगणक जोवर कुणाकडे तरी शिल्लक आहे, तोवर त्या फाइली उघडून फॉन्टांसकट पीडीएफ-ए करून घ्या. त्यात शब्द शोधता येणार नाहीत, पण पान वाचता येईल. मूळ फॉन्टच्या फाइलीही त्याच फोल्डरमध्ये, नावासकट आणि आवृत्तीसकट, ठेवा.